गिअर नाही, तरी गाडी घाट चढते कशी? पट्ट्याच्या गिअरची ओळख आणि निगा



मोताळ्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे बरीच मंडळी येतात. कुणाला बियाण्याची चौकशी करायची असते, कुणाला फवारणीची. मागे एक शेतकरी बंधू आले, पण त्यांचा प्रश्न निराळाच होता. त्यांच्या मुलाने मोबाईलवर चार जाड चाकांची एक गाडी पाहिली होती. हँडल मोटारसायकलसारखे, चाके ट्रॅक्टरच्या पोरासारखी. चिखलातून जाते, दगडावरून जाते, बांध ओलांडते. तिला ए.टी.व्ही. म्हणतात. ते बंधू म्हणाले, "साहेब, याले क्लच नाही, गिअर नाही. मंग चढावर हे दम कसा धरते? अन् आपल्या रानात हे चालंल का?"

प्रश्न मोठा चांगला आहे. मी त्यांना विचारले, "तुम्ही इथं आलात कशावर?" ते म्हणाले, "स्कुटीवर." मी म्हटलं, मग उत्तर तुमच्या बुडाखालीच आहे! कारण त्या महागड्या रानगाडीत आणि आपल्या दारातल्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये गिअरची युक्ती एकच आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून सी.व्ही.टी. म्हणतात. आपण तिला 'पट्ट्याचा गिअर' म्हणू.

आज आपल्या तालुक्यात दूध, भाजी, खताचे कट्टे, शाळेची पोरे, सगळे या गाड्यांवर चालले आहे. राजूर घाट चढणे-उतरणे हे तर रोजचेच. अशा वेळी ही युक्ती समजून घेतली तर दोन गोष्टी होतात. पहिली, पैसा वाचतो. दुसरी, उतारावर जीव वाचतो. म्हणून या पत्रकात हा विषय घेतला आहे.

गिअर लागतो कशाला?

आधी सायकलचे पाहू. पुढे मोठे दातेरी चक्र आणि मागे लहान चक्र असले की पायडल एकदा फिरवले तर मागचे चाक दोन-अडीच वेळा फिरते. सपाटीला गाडी पळते, पण चढ आला की मांड्या भरून येतात. मागचे चक्र मोठे घातले तर चढ सोपा जातो, मात्र सपाटीला नुसते पाय मारत बसावे लागते. म्हणजे वेग हवा असेल तर जोर कमी पडतो आणि जोर हवा असेल तर वेग सोडावा लागतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. गिअर म्हणजे या दोहोंतला सौदा.

इंजिनाची गोष्ट बैलाहून वेगळी आहे. बैल जागेवरून उठतानाच जास्तीत जास्त जोर लावतो. पेट्रोलचे लहान इंजिन तसे करू शकत नाही. ते मिनिटाला काही हजार फेऱ्या घेऊ लागले की मगच त्याच्या अंगात ताकद येते. फार हळू फिरवले तर ते गचकन बंद पडते. पण चाकाला काही हजार फेऱ्या नको असतात. १० इंची टायरच्या स्कूटरचे चाक एका फेरीत साधारण १.३५ मीटर अंतर कापते. ताशी ४० किलोमीटर वेगाला त्याला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या पुरतात. तेव्हा इंजिन भरभर फिरावे आणि चाक हळू पण जोराने फिरावे, यासाठी मध्ये कुणीतरी दलाल लागतो. तो दलाल म्हणजे गिअर.

आपल्याकडच्या जुन्या गाड्या आठवा. १९७२ साली बजाजची चेतक स्कूटर आली. तिला डाव्या मुठीत चार गिअर होते. क्लच दाबा, मूठ फिरवा, क्लच सोडा. म्हणजे सौद्याचे चार ठरलेले भाव, पाचवा नाही. त्याच १९७२ सालात कायनेटिकची लुना आली. तिला एकच भाव! सपाटीला ठीक, पण चढ लागला की बसल्या बसल्या पायडल मारून तिला मदत करावी लागायची. ज्यांनी लुनावर मागे माणूस बसवून चढ चढला आहे, त्यांना गिअरचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पुढे १९८४ साली कायनेटिक होंडा ही स्कूटर आली. तिचा कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला होता. तिला ना क्लचचा दांडा, ना गिअर. नुसती मूठ पिळा आणि चला. तिच्या पोटात पट्ट्याचा गिअर होता. ही युक्ती मोटारीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली ती हॉलंडमधील डाफ कंपनीने, १९५८ साली लोकांपुढे आणलेल्या लहान मोटारीत. हुब व्हॅन डोर्ने हे तिचे कर्ते. आज आपल्या गावांतून धावणाऱ्या बहुतेक सर्व बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरमध्ये हीच पट्ट्याची रचना असते.

दोन बशांची युक्ती

घरातल्या दोन बशा घ्या आणि बुडाला बूड लावून धरा. बाजूने पाहिले तर डमरूसारखा आकार दिसेल. मध्ये कंबर बारीक, कडेला तोंड मोठे. दोन बशांच्या मधली ही खाच वर रुंद आणि खाली अरुंद असते. आता या खाचेत घमेल्यासारखा, म्हणजे वर रुंद आणि खाली निमुळता असा रबरी पट्टा बसवला आहे असे समजा.

दोन्ही बशा एकमेकींपासून दूर सरकवल्या की खाच रुंद होते आणि पट्टा आत, दांड्याजवळ उतरतो. बशा जवळ आणल्या की पट्ट्याला आत जागा राहात नाही. तो बाहेर, कडेकडे चढतो. म्हणजे पुली तीच, पण पट्ट्याच्या दृष्टीने ती कधी लहान होते, कधी मोठी. सगळी किमया एवढीच आहे.

गाडीत अशा दोन पुल्या असतात. एक पुढे, इंजिनाच्या दांड्यावर. दुसरी मागे, चाकाच्या बाजूला. दोन्हींवरून एकच पट्टा फिरतो. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्याने पुढे तो बाहेर चढला तर मागे त्याला आत उतरावेच लागते. पुढे आत उतरला तर मागे बाहेर यावेच लागते. तागडीसारखे, एक पारडे वर गेले की दुसरे खाली.

समजण्यासाठी आकडे घेऊ. गाडी निघताना पुढच्या पुलीवर पट्ट्याचे वेटोळे ४ सें.मी. व्यासाचे आहे आणि मागे १२ सें.मी. व्यासाचे. म्हणजे इंजिन ३० फेऱ्या घेईल तेव्हा मागची पुली १० घेईल. वेग कमी, जोर तिप्पट. हा झाला 'पहिला गिअर'. गाडी वेगात आली की पुढचे वेटोळे ९ सें.मी. होते आणि मागचे सुमारे साडेसात. आता इंजिनाच्या १० फेऱ्यांत मागची पुली १२ घेते. हा झाला 'वरचा गिअर'. या दोहोंच्या मधल्या सगळ्या जागा पट्टा घेऊ शकतो. चार भाव ठरलेले नाहीत. जसे गिऱ्हाईक तसा भाव. मागच्या पुलीच्या पुढे तेलात बुडालेली दात्यांची चक्रे असतात. ती फेऱ्या आणखी बऱ्याच पटीने कमी करून चाकाला देतात.

बशा सरकवतो कोण?

इथे आपली गोफण आठवा. ज्वारीवर पाखरे बसली की आपण गोफण गरगर फिरवतो. जितकी जोरात फिरवाल तितका दगड बाहेर ओढ घेतो.

पुढच्या पुलीची एक बशी पक्की असते, दुसरी सरकती. सरकत्या बशीच्या पाठीमागे उताराच्या खाचा असतात आणि त्यांत लहान गोल रोलर ठेवलेले असतात. स्कूटरमध्ये बहुधा सहा. इंजिन भरभर फिरू लागले की हे रोलर गोफणीतल्या दगडाप्रमाणे बाहेर धावतात. मागे पक्की पत्र्याची ताटली असल्याने त्यांना मोकळी वाट नसते. मग ते सरकत्या बशीला ढकलतात. बशी पुढे सरकते, पट्टा बाहेर चढतो.

मागच्या पुलीत याच्या उलट कारभार आहे. तिथे एक दांडगी स्प्रिंग दोन्ही बशा एकमेकींवर दाबून धरते. पुढे पट्टा बाहेर चढला की तो मागच्या बशा बळेच फाकवून आत शिरतो. पुढे रोलर आणि मागे स्प्रिंग, अशी ही रस्सीखेच सतत चाललेली असते.

आता चढ लागला असे समजा. भार वाढला म्हणून इंजिनाच्या फेऱ्या कमी होऊ लागतात. फेऱ्या कमी झाल्या की रोलरची ओढ कमी होते. मागची स्प्रिंग लगेच आपल्या बशा मिटवते. पट्टा मागे बाहेर येतो, पुढे आत उतरतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरवर येते. शिवाय मागच्या पुलीत तिरकस खाचा असतात. चाकावर ओझे पडले की बशी त्या खाचांवरून किंचित वळते आणि पट्ट्याला आणखी घट्ट आवळते. जड ओझे आले की आपण कासरा मनगटाला गुंडाळतो ना, तसेच. म्हणून ऐन चढावर पट्टा घसरत नाही.

राहिला क्लच. मागच्या पुलीच्या बाजूला एक गोल डबा असतो आणि त्याच्या आत ब्रेकच्या पट्ट्यांसारखे तुकडे, म्हणजे 'शू', असतात. इंजिन हळू असताना ते आत मिटलेले असतात, म्हणून गाडी उभी राहते. मूठ पिळली की ते गोफणीच्याच न्यायाने बाहेर फेकले जाऊन डब्याला घट्ट धरतात आणि चाक फिरते. हाताने दाबायचा क्लच नाही याचा अर्थ क्लच नाही असा नव्हे. तो आपले काम न सांगता करतो, एवढेच.

मग ए.टी.व्ही.त वेगळे काय?

मूळ तत्त्व तेच. फरक तीन आहेत.

पहिला फरक क्लचचा. बऱ्याच ए.टी.व्ही.मध्ये पुढची पुलीच क्लचचे काम करते. इंजिन हळू असताना तिच्या बशा इतक्या दूर असतात की पट्टा सैल पडून राहतो. मूठ किंवा अंगठ्याचा दांडा दाबला की वजने बाहेर फेकली जातात, बशा मिटतात, पट्टा पकडला जातो आणि गाडी निघते.

दुसरा फरक असा की पट्ट्याच्या पुढे दात्यांचा एक लहान गिअरबॉक्स असतो. त्यात जोराचा, वेगाचा, रिकामा आणि मागे जाण्याचा असे खटके असतात. चिखल, चढ किंवा ओझे असेल तर गाडी थांबवून जोराच्या खटक्यात टाकावी लागते. तिथून दांड्यांनी चारही चाकांना जोर पोहोचवता येतो.

तिसरा फरक ताकदीचा. इंजिन मोठे, तसा पट्टाही रुंद आणि मजबूत.

आपल्या महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले 'बाहा' नावाच्या स्पर्धेसाठी अशाच रानगाड्या स्वतः बनवतात. या स्पर्धा भारतात २००७ सालापासून सुरू झाल्या आणि त्या पिथमपूरच्या चाचणी मैदानावर भरत आल्या आहेत. लहान इंजिन देऊन खड्डे, चिखल आणि चढ पार करायचे असतात. त्यातली अनेक मुले पट्ट्याचाच गिअर निवडतात. आपल्या गावचा एखादा मुलगा या शिक्षणात असेल तर त्याला पुली उघडून दाखवायला सांगा. पत्रक दहा वेळा वाचण्यापेक्षा एकदा पाहिलेले बरे.

आपल्या रानात चालेल का?

या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. ओझे वाहायला, फवारणीची टाकी न्यायला, पांदण रस्त्याने जायला अशी गाडी चालेल. नांगरटीला आणि वखरणीला चालणार नाही.

कारण ऐका. रबरी पट्टा बशांना केवळ घर्षणाने धरतो. दात्यात दात अडकलेला नसतो. भार फार झाला आणि वेग फार कमी असला की पट्टा थोडा थोडा घसरतो. घसरला की तापतो. तापला की जळतो. आपल्या काळ्या जमिनीत नांगर ओढणे म्हणजे तासन् तास जड ओढ आणि बैलाची चाल. ते काम दात्यांच्या गिअरचे, म्हणजे ट्रॅक्टरचे. परदेशात पायऱ्या नसलेल्या गिअरचे मोठे ट्रॅक्टरही आहेत. जर्मनीच्या फेंट कंपनीने असा ट्रॅक्टर १९९५ साली पुढे आणला. पण त्यात पट्टा नसून तेलाच्या दाबाचा पंप आणि दात्यांची चक्रे मिळून काम करतात.

पैशाचेही पाहा. २०१८ साली पोलारिस कंपनीने ट्रॅक्टर म्हणून नोंद होईल अशी एक ए.टी.व्ही. भारतात आणली. तेव्हा तिची किंमत आठ लाखांच्या आसपास होती. तेवढ्यात चांगला ट्रॅक्टर येतो, आणि तो नांगरतोही. बाकी बऱ्याच ए.टी.व्ही. रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदल्या जात नाहीत. म्हणून कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी आर.टी.ओ.कडे नोंदणी होते का, ते आधी विचारा. कागद नसलेली गाडी म्हणजे दाव्याला बांधलेला दुसऱ्याचा बैल.

त्या शेतकरी बंधूंना मी हेच सांगितले. तूर्त हौस बाजूला ठेवा आणि दारातली स्कूटर नीट सांभाळा.

हार्वेस्टरमध्येही हाच पट्टा

सोयाबीन, हरभरा आणि गहू काढायला येणाऱ्या हार्वेस्टरमध्येही सरकत्या बशांच्या पुल्या असतात. पुष्कळ यंत्रांत चालीचा वेग आणि मळणीच्या ड्रमचा वेग अशाच पट्ट्यांनी कमी-जास्त करतात. फरक एवढाच की इथे बशा गोफणीच्या न्यायाने आपोआप सरकत नाहीत. ड्रायव्हर दांड्याने किंवा तेलाच्या दाबाने त्या सरकवतो. म्हणजे वेग किती ठेवायचा हे माणसाच्या हातात असते. आणि इथेच आपले नुकसान होते.

गव्हाला ड्रमचा वेग जास्त लागतो. सोयाबीनला तो चालत नाही. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ आणि अंकुर सालीलगतच असतो. ड्रमचा फटका बसला की दाणा वरून धड दिसतो, पण आत अंकुर मेलेला असतो. म्हणून बियाण्यासाठी राखलेले सोयाबीन मळताना ड्रमच्या फेऱ्या मिनिटाला ३०० ते ४०० पर्यंत खाली आणाव्यात. यंत्र शेतात शिरण्याआधी ड्रायव्हरला तसे स्पष्ट सांगावे. पहिली पाच मिनिटे यंत्र चालले की टाकीतले मूठभर दाणे हातात घेऊन पाहावेत. डाळ झालेले दाणे दिसले तर तिथेच थांबवून वेग कमी करायला लावावा. लाजू नये. भाडे आपण देतो.

असे बियाणे पेरण्याआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण पाहावी. ७० किंवा त्याहून जास्त दाणे नीट उगवले तरच ते पेरणीयोग्य समजावे.

घाट उतरताना: हे जरूर वाचा

पट्ट्याच्या गिअरचा एक दोष आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे. गिअरच्या मोटारसायकलला आपण घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर टाकतो आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरते. पट्ट्याच्या स्कूटरमध्ये तसे खालचा गिअर हाताने टाकणे नाही. मूठ सोडली की इंजिनाची थोडी ओढ मिळते, पण ती कमी. आणि वेग फार कमी झाला की क्लचचे शू मिटतात, मग तेवढीही ओढ राहात नाही. गाडी सुटलेल्या चाकासारखी घरंगळते. सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. मागे खताचा कट्टा किंवा दुधाच्या कॅन असतील तर विचारूच नका.

तेव्हा खालील गोष्टी पाळा :

१) घाट सुरू होण्याआधीच वेग कमी करा. वळणावर आल्यावर नव्हे.

२) पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक मिळून वापरा. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत दाबून ठेवू नका.

३) पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट कधीही उतरू नका. चमचाभर पेट्रोलपायी घर उघडे पडते.

४) ओझे असेल तर मध्ये थांबा. ब्रेकचा वास येऊ लागला तर थांबलेच पाहिजे. ब्रेक थंड होऊ द्या.

५) ए.टी.व्ही. असेल तर उतार लागण्याआधी थांबून जोराच्या खटक्यात टाका.

पट्टा बोलतो, आपण ऐकावे

माझाच अनुभव सांगतो. एका जून महिन्यात प्रात्यक्षिकासाठी बियाण्याचा कट्टा घेऊन मी निघालो होतो. आठ-दहा दिवसांपासून गाडी निघताना थरथरत होती आणि चढावर इंजिन नुसते ओरडत होते. "सर्व्हिसिंगला टाकू पुढच्या आठवड्यात," असे म्हणत राहिलो. ऐन चढावर फटकन आवाज झाला आणि पट्टा तुटला. इंजिन चालू, पण चाक जागचे हलेना. कट्टा दुसऱ्याच्या बैलगाडीत टाकून पुढे गेलो. शेतकरी दोन तास वाट पाहात बसले होते. इतरांना निगा शिकवणाऱ्याने स्वतःची निगा ठेवली नाही, ही लाज वेगळीच. ती चूक आपण करू नये म्हणून खुणा सांगतो.

• इंजिन ओरडते पण गाडी त्या मानाने पळत नाही : पट्टा घसरतो आहे. तो झिजला असेल किंवा त्याला तेल-पाणी लागले असेल.

• पूर्वीचा वरचा वेग आता मिळत नाही : पट्टा झिजून अरुंद झाला असेल. अरुंद पट्टा पुढच्या पुलीत पुरता बाहेर चढत नाही. रोलर एका बाजूने चपटे झाले असले तरीही असेच होते.

• निघताना थरथर : क्लचच्या डब्यात धूळ साचली आहे किंवा शू झिजले आहेत.

• जळक्या रबराचा वास : लगेच थांबा, थंड होऊ द्या, ओझे कमी करा.

निगा कशी राखावी?

१) पट्टा किती किलोमीटरला पाहायचा आणि किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढे पान फाटू देऊ नका. आपल्यासारख्या धुळीच्या आणि ओझ्याच्या वापरात मुदतीच्या थोडे आधीच पाहावे.

२) पट्ट्याला भेगा, सुटलेले धागे किंवा चकाकी आली असेल तर तो बदला. त्यावर बाण असेल तर बाण फिरण्याच्या दिशेलाच ठेवून बसवा.

३) बशांना आणि पट्ट्याला ग्रीस किंवा तेल लावू नका. काही जण 'मऊ चालावं' म्हणून लावतात. पट्ट्याची सारी ताकद घर्षणात आहे. ते घालवले तर राहिले काय? तेल हवे ते फक्त मागच्या दात्यांच्या डब्यात, पुस्तिकेप्रमाणे.

४) पट्टा थंड राहावा म्हणून पुढच्या पुलीच्या पक्क्या बशीलाच पंख्याची पाती असतात. ती बाहेरची हवा आत ओढतात. हवेच्या वाटेवर जाळी किंवा फिल्टर असेल तर तो कपाशीच्या वेचणीनंतर आणि मळणीच्या हंगामात साफ करावा. धूळ आणि कापसाचा भुगा तिथे साचतो.

५) चढावर थांबायचे असेल तर ब्रेक धरा. मूठ पिळून गाडी तोलून धरू नका. त्याने क्लचचे शू जळतात.

६) बॅटरी उतरली तर ही गाडी ढकलून सुरू होत नाही, कारण इंजिन बंद असताना क्लच सुटलेला असतो. किक असेल तर ती वापरा. उगाच पोरांना ढकलायला लावून दमवू नका.

७) पावसाळ्यात नाला भरून वाहात असेल तर गाडी घालूच नका. पाणी उतरू द्या. पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरले तर पट्टा घसरतो आणि गाडी नेमकी पाण्याच्या मधोमध अडते. पाणी शिरल्याची शंका आली तर गाडी कोरड्या जागी मेन स्टँडवर लावा, खालचे बूच किंवा नळी असेल तर पाणी काढा, मग इंजिन चालू करून थोडा वेळ पट्टा वाळू द्या. त्या वेळी मागचे चाक फिरते. पदर, धोतर, मुलांचे हात दूर ठेवा.

८) डब्याचे झाकण उघडे असताना इंजिन कधीही चालू करू नका. फिरता पट्टा बोट ओढून घेतो. हार्वेस्टर आणि मळणी यंत्राच्या पट्ट्यांनाही हाच नियम. जाळीचे झाकण काढून यंत्र चालवू देऊ नका.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बैल घेताना आपण त्याचे दात मोजतो, खूर पाहतो, चाल पाहतो. सत्तर-ऐंशी हजारांची गाडी घेतो तेव्हा मात्र तिच्या पोटात काय आहे ते पाहात नाही. पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा अर्धा तास तिथे थांबा. मेकॅनिकला म्हणा, "झाकण काढ, मला पट्टा पाहू दे." दोन पुल्या, एक पट्टा, सहा रोलर आणि एक स्प्रिंग. एवढेच आहे. एकदा पाहिले की घाटातला प्रत्येक आवाज ओळखीचा वाटू लागतो.

घाटात सावकाश जा. ओझे बेताचे ठेवा. आणि या पत्रकातील 'घाट उतरताना' हा भाग घरातल्या तरण्या पोरांना जरूर वाचून दाखवा.

आपला,
कृषि विस्तार अधिकारी, मोताळा